डिंपलनं कापलेला धागा

आमच्या आंधळगावात एखाद्या पोरीनं नाव काढलं तं लोक पहिले विचारतात, "कोणाची होय ती?" मग बापाचं नाव येते, मग आज्याचं, मग गल्ली कोणती. पोरीचं नाव सगळ्यात शेवटी. आमच्या डिंपलनं हे उलटं करून टाकलं. आता माह्या भावाले किराणा दुकानात अनोळखी माणूस विचारते, "तुमी डिंपलचे बाबा होय ना?" हे ऐकलं का मले वाटते, भर गल्लीत उभं राहून शिट्टी मारावी. बायामाणसाले शोभत नाही म्हणून मारत नाही. अन् येतही नाही.

मी विजयमाला, डिंपलची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी आली ते इथलीच झाली. भाऊ टेकचंद मागावर कोशाचं कापड विणते. कोसा म्हणजे आमच्या जंगलातलं रेशीम. ताण्यातून इकडून तिकडे पळणाऱ्या त्याच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरून द्यायचं काम माहं. चरखा फिरवत बसायचं अन् येणाऱ्याजाणाऱ्याले दोन गोष्टी सुनवायच्या. राग मले लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. भावजय पुष्पा म्हणते, "आमच्या बाईचा राग म्हणजे दुधाची उकळी, वर येते तशीच खाली बसते." बसते, पण मागून चूल पुसावी लागते.

डिंपल जन्मली त्या साली गोंदिया आमच्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. माहे वडील दादाजी तेव्हा होते. पोरीले मांडीवर घेऊन म्हणत, "जिल्हा अर्धा झाला, पण माहं घर सवाई झालं." पोरगी मोठी चूप. म्हणजे बाहेर चूप. घरी माह्या चरख्याजवळ बसली का असं काही बोले का माहा हात थांबे. एकदा अंगणात रंगवलेलं सूत वाळत होतं, तं म्हणते, "आत्या, हा पिवळा ओला असतानी हसते अन् वाळला का रुसून बसते." एवढीशी होती तेव्हा. अन् त्याच पोरीले शाळेत बाईनं विचारलं, चित्र कसं वाटलं, तं उत्तर काय? "छान." बस, संपलं. घरी वाघ अन् बाहेर शेळी, असं आमचं रत्न.

बारावी झाल्यावर तिनं भंडाऱ्याच्या कॉलेजात चित्रकलेच्या कोर्सले जायचं काढलं. टेकचंद नाही म्हणाला नाही. माहा भाऊ कोणालेच नाही म्हणत नाही. फक्त मले हळूच विचारलं, "बाई, चित्र काढून काय होते?"

मी म्हटलं, "कापड विणून काय होऊन राहिलं?"

घरात आमच्या माग दोन. एक चालते, दुसऱ्यावर चादर टाकून ठेवली आहे. चादर कधी टाकली, काहून टाकली, हे घरात कोणी काढत नाही. मीही त्या दिवशी तिकडे पाहिलं नाही. पोरगी मोहाडीवरून एसटीनं भंडाऱ्याले जायले लागली.

तिथं त्यायले एक विषय होता, कलास्वाद. म्हणजे चित्रं, मूर्त्या पाहायच्या अन् आपल्याले काय वाटलं ते लिहून द्यायचं. शिकवायले धनंजय सर. वाळलेल्या काडीसारखा माणूस, चष्मा कपाळावर ठेवून साऱ्या वर्गात चष्मा शोधणारा. पण विषयाचा पक्का. त्यानं ठरवलं का पुस्तकातली चित्रं दाखवून भागणार नाही, पोरायले नागपूरले नेऊन खरं दाखवायचं. आता वर्गात पोरी जास्त अन् कॉलेजात मॅडम एकही नाही. पोरींसंग एखादी बाईमाणूस पाहिजे म्हणून सरनं घरच्यायले विचारलं. टेकचंदनं माहं नाव सांगून टाकलं. मले विचारलंही नाही. विचारलं असतं तं मी पहिले थोडे आढेवेढे घेतले असते अन् मग गेलीच असती, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या खेपेले अजब बंगला, म्हणजे नागपूरचं जुनं म्युझियम पाहिलं. मले तं भारी आवडलं. पेंढा भरलेली जनावरं, तलवारी, दगडाच्या मूर्त्या. डिंपल एका मूर्तीसमोर उभी राहिली ते हलेच ना. परत येतानी बसमध्ये म्हणते, "आत्या, त्या मूर्तीचं नाक तुटलं होतं ना, मले वाटलं तिले श्वास घ्यायले त्रास होऊन राहिला असन. मी किती वेळ माह्याच नाकानं जोरजोरानं श्वास घेत होती, तिच्यासाठी."

मी म्हटलं, "हे लिही! हेच लिहून दे सरले!"

"असं लिहितात का, आत्या? लोक हसतीन."

अन् लिहून काय दिलं? 'संग्रहालय अतिशय प्रेक्षणीय आहे. तेथील शिल्पे मनमोहक आहेत.' सरनं भर वर्गात वाचून दाखवलं अन् म्हणाले, "हे डिंपलनं लिहिलं की तिकिटाच्या मागं छापलेलं होतं?" वर्ग हसला. पोरगी घरी येऊन रडली. मले दोघांचाही राग आला. सरचा काहून हसवलं म्हणून, अन् इचा काहून का तोंडात लाडू असतानी पानात भुसा वाढते म्हणून.

दुसऱ्या खेपेले नव्या चित्रांची गॅलरी. तिथं एक भलं मोठं चित्र होतं, सारं काळं. म्हणजे काहीच नाही, फक्त काळं. मी सरले विचारलं, "हे पूर्ण व्हायचं आहे का?" सर म्हणे, "झालंय ताई." मी म्हटलं, "मंग चांगलंच झालं आहे." वर्गातल्या साऱ्या पोरायनं लिहून दिलं, हे चित्र दुःखाचं प्रतीक आहे. डिंपलचं मात्र या वेळी डोकं फिरलं होतं. तिनं लिहिलं, 'मले या चित्रापुढं काहीच वाटलं नाही. माहे पाय दुखत होते. पण घरी आल्यावर चूल पेटवतानी ते चित्र आठवलं. तिथं नाही वाटलं ते इथं काहून वाटून राहिलं, हे मले समजलं नाही.' जशी बोलते तसंच लिहिलं, 'मले' अन् 'काहून'सहित.

सरनं ते वाचलं अन् चष्मा कपाळावरून डोळ्यावर घेतला. खाली लिहिलं, 'हे तुझं. आता असंच.' अन् त्याच दिवशी वर्गात सांगून टाकलं का गॅलरीत पुढं जे मोठं प्रदर्शन लागणार आहे, त्याच्या शेवटच्या दिवशी कलाकारांसमोर एक विद्यार्थी स्टेजवरून बोलन, आपल्याले काय दिसलं ते. ते डिंपल बोलन.

अवो, डिंपल! जिच्या 'मले-तुले'ले वर्ग हसे ती! पोरगी घरी आली ते पंख लागल्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंडानं म्हटलं, "आत्या, मले हे पाहिजे." माह्या भाचीनं कधी काही मागितलं नव्हतं, ना कपडा ना मोबाइल. टेकचंद ऐकून फक्त "बरं" म्हणाला अन् बाहेर गेला. परत आला तोपर्यंत साऱ्या गल्लीले माहीत होतं. शेजारची सुमनबाई दारात उभी राहून विचारते, "काहो बाई, तुमची डिंपल नागपुरात भाषण देणार म्हणते?" मी म्हटलं, "देणारच. तुमी काय समजून राहिल्या?"

मग तिसरी खेप, प्रदर्शन पाहायची. दारातच सरनं पोरायले उभं करून सांगतलं, "कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. ज्यानं हात लावला तो शेवटच्या दिवशी स्टेजवर नसेल. कोणीही असो." सगळ्यायनं मान हलवली. मीही हलवली.

आत एका मोठ्या खोलीत गेलो अन् मी थबकलीच. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणा लावलेला होता. ताणा म्हणजे मागावर जे उभे धागे ताणलेले असतात ते. इकडे लाकडी रूळ, तिकडे रूळ, अन् मधात धागेच धागे, वरून उजेड सोडलेला. मी म्हटलं, हे तं आमच्या घरचंच सामान. हे पाहायले एवढ्या लांब आलो? पोरं इकडून तिकडून पाहत होती. डिंपल हात मागं बांधून, सर सांगे तशी, एका टोकाहून चालत निघाली. अन् मधात थांबली.

तिथं एक धागा तुटला होता. दोन्ही टोकं लोंबत होती.

आता तुमाले सांगते. विणकराच्या घरचं माणूस तुटलेला धागा पाहून पुढं जाऊ शकत नाही. जेवता जेवता उष्ट्या हातानं उठतात, हात धुतात अन् गाठ मारतात. पाहुणा दारात असला तं म्हणतात, थांबा, धागा तुटला. दादाजी तं म्हणत, तुटला धागा तसाच ठेवून जो झोपला त्याच्या घरात भांडण लागते. आमच्या पोरायले चालता यायच्या आधी गाठ येते म्हणा ना. डिंपलनं बोटाले थुंकी लावली, दोन टोकं चिमटीत धरली, अन् मी "अवो" म्हणतपर्यंत गाठ मारून झाली होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं कोणाचं पडलेलं लेकरू उचलून दिलं. खरं सांगू? तिनं मारली नसती तं मी मारली असती. माहा हात अर्धा उठलाच होता.

कोणी पाहिलं नाही. आम्ही पुढच्या खोलीत गेलो. थोड्या वेळानं गडबड ऐकू आली. त्या कामाची कलाकार स्वाती मॅडम आल्या होत्या. चाळिशीच्या असतीन, सुती साडी, केस आखूड. त्यायनं दारातूनच पाहिलं का काहीतरी बदललं. तिथला राखणदार गुलाबभाऊ हात जोडून म्हणत होता, "मॅडम, मी फक्त पाणी प्यायले गेलतो." सरनं साऱ्या पोरायले त्या खोलीत गोळा केलं अन् विचारलं, "कोणी हात लावला?"

मी डिंपलच्या दंडाले असा चिमटा घेतला का निळा पडला. त्याचा अर्थ, गप राय. पोरीचं एवढं मोठं काम होऊन राहिलं, एका गाठीपायी जाऊ द्यायचं का? अन् गाठ म्हणजे काय चोरी होय? चांगलंच तं केलं!

डिंपलनं दंड सोडवून घेतला अन् म्हणाली, "सर, मी. मी गाठ मारली."

सरचा चेहरा उतरला. त्या माणसाले तिलेच स्टेजवर पाहायचं होतं हो, सगळ्यायले माहीत होतं. मग म्हणाले, "डिंपल, शेवटच्या दिवशी अंकुश बोलेल." अंकुश म्हणजे तिच्याच वर्गातला पोरगा.

झालं. माही उकळी वर आली. "अवो सर, तुमाले काही वाटते का नाही? पोरगी खरं बोलली त्याची ही शिक्षा? चूप राहिली असती तं स्टेजवर असती!"

"ताई," सर म्हणाले, "नियम मी केला. मोडणारी माझी आवडती विद्यार्थिनी निघाली म्हणून नियम बदलू का?"

सरचा राग आला अन् त्याच दमात तो माणूस आवडलाही.

स्वाती मॅडमनं डिंपलले जवळ बोलावलं. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. "का बांधलास?"

"तुटला होता म्हणून."

"मला तो तुटलेलाच हवा होता."

"काहून?" डिंपलनं विचारलं. उलट उत्तर नव्हतं ते. तिले खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते मी सांगितलं तर तू बघणार नाहीस," मॅडम म्हणाल्या. "तू आधी बघ. बांधायच्या आधी बघितला नव्हतास तू."

बाकीची पोरं चहाले गेली. डिंपल खाली फरशीवर बसली, मी तिच्या बाजूले. ती पाहत राहिली. मीही पाहिलं, पण मले धागेच दिसत होते अन् पोटात कावळे ओरडत होते. लय वेळानं डिंपल म्हणते, "आत्या, हा आपला माग होय."

"आपला कसा? आपला घरी आहे."

"चादरीखालचा."

घरात जे नाव कोणी काढत नाही, ते पोरीनं नागपुरात फरशीवर बसून काढलं. ती पुढं म्हणाली, "आपण लगेच बांधतो ना, आत्या. म्हणून आपल्याले तुटलेलं कधी दिसतच नाही."

मग उठून मॅडमजवळ गेली अन् म्हणाली, "मॅडम, ही गाठ सुटत नाही. कापावी लागन. कैची द्या."

"राहू दे, मी कापते."

"नाही. बांधला मी, तं कापन बी मीच."

कापड पुरं झालं का मागावरून कापून उतरवतात, त्या दिवशी घरात गोड करतात. पण चालता ताणा मधातून कापणं? आमच्यात कोणी शत्रूच्या मागाचाही कापत नाही. मी म्हणणार होती, पोरी, हे पाप नोको घेऊ. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं अन् जीभ आवरली. कैची दोनदा धाग्याजवळ गेली अन् परत आली. तिसऱ्यांदा कट्ट झालं, अन् दोन टोकं खाली पडली. गाठीत गेलं तेवढं सूत कमी झाल्यानं ती आता पहिल्यापेक्षा आखूड लोंबत होती. डिंपलच्या डोळ्यातून पाणी गळत होतं अन् ती पुसतही नव्हती. स्वाती मॅडमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी तिथं तशाच उभ्या होत्या.

परत येतानी मी बसमध्ये सरले, मॅडमले, अंकुशले, साऱ्या नागपूरले शिव्या दिल्या. डिंपल म्हणाली, "आत्या, बस ना आता. चूक माही होती." मी म्हटलं, "तुह्या बापाले काय सांगू? त्यानं सारं गाव गोळा करून ठेवलं आहे."

खरा घोर तोच होता. घरी गेली तं टेकचंद पांढरा शर्ट हातात घेऊन उभा. "बाई, त्या दिवशी हा बरा दिसन का? कॉलर थोडी झिजली आहे, पण पोरीकडे पाहतीन लोक, माह्याकडे कोण पाहते?" मी तोंड उघडलं अन् बंद केलं. तुमी सांगितलं असतं का? माह्यानं नाही झालं. डिंपलले म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "सांगीन. पण तिथंच सांगीन. स्टेज भेटो का नाही."

म्हणजे आता प्रश्न भाषणाचा राहिला नव्हता. ज्या माणसानं उभा जन्म तुटलेले धागे जोडले, त्याच्यापुढं त्याच्या पोरीले सांगायचं होतं का मी ताणा कापला. अन् चादरीखालचंही सांगायचं होतं. टेकचंद भांडकुदळ नाही, पण मुका मार देणारा आहे. दुखावला तं महिना महिना बोलत नाही. पोरीचं कॉलेज चालू राहीन का नाही, हे त्याच्या त्या चूप बसण्यावर होतं. मले रात्रंदिवस तेच दिसे.

शेवटच्या दिवशी हॉल भरला होता. टेकचंद पुढून तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, पाठ ताठ. बाजूले मी, देवाचं नाव घेत. स्टेजच्या बाजूच्या दारातून तो ताणा दिसत होता. अंकुशचं नाव पुकारलं. पोरगा चांगला बोलला, खोटं काहून बोलू. नीट, मुद्देसूद. टाळ्या पडल्या. टेकचंदनंही वाजवल्या अन् माह्या कानाशी वाकून म्हणाला, "बाई, आपली कधी?"

तेवढ्यात स्वाती मॅडमनं माइक घेतला अन् म्हणाल्या, "समोरून कोणाला काही विचारायचं, सांगायचं आहे का?"

असं विचारलं का लोक कसे खोकतात, माहीत आहे ना? खोकले. अन् मागच्या भिंतीजवळून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डिंपल उभी होती. मी सरकडे पाहिलं. सरनं मान खाली घातली, पण थांबवलं नाही. त्यायचा नियम स्टेजचा होता, खुर्चीचा नव्हता.

"मी डिंपल टेकचंद सोनकुसरे," ती म्हणाली. "आंधळगाव, तालुका मोहाडी. या मॅडमच्या कामातला एक धागा मी बांधून टाकला होता. मग मीच कापला. म्हणून मी आज स्टेजवर नाही."

टेकचंद वळून पाहायले लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही.

"आमच्या घरी धागा तुटला का बांधतात. माह्या बाबानं मले अक्षराच्या आधी गाठ शिकवली. ते चांगलंच आहे. पण बांधता बांधता आमी पाहतच नाही का तुटून किती राहिलं. आमच्या गल्लीत पहिले दूधवाल्याले ओरडावं लागे, एवढा मागाचा आवाज. आता तो सायकलची घंटी वाजवते तं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. हे मले माहीत होतं. पण मी पाहिलं नव्हतं. ते मले इथं दिसलं." ती थांबली. मले वाटलं, आता रडते अन् बसते. पण नाही. "आमच्या घरी एका मागावर चादर आहे. कोणी विचारलं तं आमी सांगतो, धूळ बसते म्हणून टाकली. धुळीसाठी नाही, बाबा. तो माग बंद पडला आहे. मी गाठ मारली तेव्हा मले बरं वाटलं. कापला तेव्हा मी रडली. पण मॅडम, खरं मले कापल्यावरच दिसलं."

हॉलमध्ये एक माणूस खोकला नाही.

"अन् एक सांगते," आमची डिंपल म्हणाली, अन् आता तिचा आवाज घरी चरख्याजवळ असते तसा मोकळा झाला होता. "आमचा दुसरा माग चालू आहे. माहे बाबा त्याच्यावर जे कापड विणतात तसं साऱ्या तालुक्यात कोणी विणत नाही. तेही पाहायले या, आंधळगावले. तिथं हात लावला तं चालते."

लोक हसले अन् मग अशा टाळ्या वाजल्या का मले काही सुचेना. धनंजय सर उभे राहून वाजवत होते, चष्मा कपाळावर. 'मले-तुले'ले हसणारा सारा वर्ग वाजवत होता. माही भाची! आमच्या घरची! मले वाटलं एकेकाले हलवून सांगावं, हिले मी कडेवर खेळवलं, मी!

टेकचंदनं टाळ्या वाजवल्या नाही. तो उठला अन् बाजूच्या दारातून सरळ त्या ताण्यापाशी गेला. मी धावतच मागून. डिंपलही आली. टेकचंद दोन्ही हात मागं धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक धागा पाहत चालला. दुकानात व्यापारी कापड तपासते तसा नाही. देवळात फिरते माणूस, तसा.

"कोणता?" त्यानं विचारलं.

डिंपलनं बोट दाखवलं. "हा, बाबा."

टेकचंद वाकला. त्या आखूड टोकाजवळ तोंड नेलं. किती वेळ पाहत होता मले माहीत नाही. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. मग तो सरळ झाला.

"बरं केलं, बेटा," माहा भाऊ म्हणाला. "माह्यानं नसतं झालं."

मले तिथंच रडू फुटलं. साधं नाही, हंबरडाच. लोक ताणा सोडून माह्याकडे पाहायले लागले. म्हटलं, पाहा बाप्पा, पाहायलेच तं आले.